वकीलपत्र नसलेला सल्ला

नागपूर जिल्हा न्यायालयात आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करणाऱ्या सर्व विधिज्ञांस,



३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास यंत्रणांकडून वकिलांना निघणाऱ्या समन्सबद्दल निकाल दिला आणि वकील मंडळींना हायसे वाटले. ते रास्तच होते. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने सांगितले की, आरोपीची बाजू मांडणाऱ्या वकिलाला प्रकरणाची माहिती काढून घेण्यासाठी तपास अधिकाऱ्याने बोलावू नये. कायद्यातल्या एखाद्या अपवादाखाली बोलावायचेच असेल, तर कोणत्या वस्तुस्थितीवर तो अपवाद लागू होतो हे समन्समध्येच लिहावे, आणि पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेल्या वरिष्ठाने आपली खात्री लेखी नोंदवून त्याला संमती द्यावी. सरन्यायाधीश अमरावतीचे, याच खंडपीठात वकिली केलेले, इथेच सरकारी वकील राहिलेले. निकाल घरचा वाटला असल्यास नवल नाही. तरीही हे पत्र तक्रारीचे आहे. त्या निकालाच्या निष्कर्षांत अगदी पहिल्यांदा सांगितले आहे ते असे, की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चा, म्हणजे वकिलाशी झालेले बोलणे गुप्त राहण्याचा, अधिकार अशिलाला दिलेला आहे. वकिलावर आहे ते न बोलण्याचे बंधन, आणि अशील समोर नसेल तेव्हा त्याच्या वतीने वकील तो अधिकार पुढे करू शकतो. म्हणजे या ठेव्याचे मालक आम्ही आणि राखणदार तुम्ही. राखणदाराला रस्त्यात कुणी अडवू नये असे ठरले, हे चांगलेच झाले. पण ठेव्यात नेमके काय काय आहे आणि काय कधी त्यात नव्हतेच, हे मालकाला कुणी सांगितलेले नाही. ते विचारण्यासाठी हे लिहीत आहे.

ज्या घटनेने हा प्रश्न पेटला ती पुन्हा एकदा पाहा. जून २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने ज्येष्ठ वकील अरविंद दातार यांना, आणि त्यानंतर ज्येष्ठ वकील प्रताप वेणुगोपाल यांना समन्स धाडले. कारण काय, तर एका आरोग्य विमा कंपनीने कर्मचारी समभाग पर्याय, म्हणजे ईसॉप, देण्यासंबंधी दातार यांनी दिलेला कायदेशीर अभिप्राय. देशभरच्या वकील संघटना उठल्या, दोन्ही समन्स मागे घेतली गेली, आणि संचालकांच्या पूर्वपरवानगीशिवाय वकिलांना समन्स काढायचे नाही असे परिपत्रक संचालनालयानेच २० जूनला काढले. त्याच सुमारास अहमदाबादच्या एका वकिलाला पोलिसांनी पाठवलेल्या नोटिशीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले होते. कर्जाच्या भांडणातल्या आरोपीला त्याने जामीन मिळवून दिला, एवढाच त्याचा संबंध. त्यातून स्वतःहून दखल घेतलेले प्रकरण उभे राहिले. आता या दोन कागदांत फरक बघा. जामिनाचा अर्ज हे निखळ वकिलीचे काम. ईसॉप देता येतील का, हा प्रश्न मात्र कायद्याचा असूनही पोटात धंदा घेऊन येतो. कुणाला किती वाटा द्यायचा, केव्हा द्यायचा, नियामकाला काय सांगायचे, हे सगळे त्याला चिकटलेले असते. अशा मिश्र कागदाला संरक्षण कितपत, हा प्रश्न त्या पीठापुढे नव्हता आणि त्यांनी त्याची कसोटी आखली नाही. धंदा करणाऱ्या माणसाच्या फाइलीत मात्र बहुतेक कागद याच जातीचे असतात.

कायद्याचा मजकूर जुना आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी घडवलेला पुरावा कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२६ मध्ये बॅरिस्टर, ॲटर्नी, प्लीडर आणि वकील अशी चार नावे होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, १२६ चे १३२ झाले, चौघांच्या जागी एकटा अधिवक्ता उरला. उदाहरणेसुद्धा दीडशे वर्षांची तीच. मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा, असे अशील म्हणाला तर ते गुप्त राहते, कारण गुन्हेगाराचा बचाव करणे हा गुन्हा नव्हे. खोट्या दस्ताच्या जोरावर मला मालमत्ता मिळवायची आहे, दावा लावा, असे म्हणाला तर ते गुप्त राहत नाही. तिसरे उदाहरण अपहाराच्या आरोपीचे. वकीलपत्र घेतले तेव्हा नसलेली नोंद पुढे हिशेबाच्या वहीत वकिलाला दिसली, तर तीही झाकता येत नाही. पण माझा रोख या उदाहरणांवर नाही. संरक्षण मिळते ते अधिवक्त्याच्या ‘अशा सेवेच्या ओघात आणि त्या सेवेसाठी’ झालेल्या बोलण्याला, लिहिण्याला, सल्ल्याला. कायदा माणसाला पाहत नाही, तो कोणत्या नात्याने बोलत होता ते पाहतो. काळा कोट घालून दिलेला सौद्याचा सल्ला हा सौद्याचाच सल्ला राहतो.

आणि आपल्याकडे वकील किती नात्यांनी बोलतो! इतवारीतला ठोक व्यापारी, गांधीबागेतला कापडवाला, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतला कारखानदार, गोंदियाचा राइस मिलवाला, हिंगणघाटचा जिनिंगवाला, यांच्यापैकी कुणीही वकिलाकडे केवळ कायद्याचे कलम विचारायला जात नाही. माल उचलू की थांबू, भागीदाराला किती देऊन मोकळे करू, बँकेला आधी भेटू की नोटिशीची वाट पाहू, मिहानच्या बाजूची जमीन या भावात घ्यावी का, नागपूर सुधार प्रन्यासाकडे अडकलेल्या ले-आऊटचे काय होईल, असे सगळे एका दमात विचारले जाते, आणि वकीलसाहेबही एका दमात उत्तर देतात. यात वाईट काही नाही. जाणत्या वकिलाची किंमत त्या समग्र उत्तरातच असते. शिवाय साहेब कुठे शिक्षण संस्थेचे विश्वस्त असतात, कुठे सहकारी पतसंस्थेचे सल्लागार, कुठे कंपनीचे संचालक. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम वकिलाला स्वतः धंदा करू देत नाहीत, पण कार्यकारी जबाबदारी नसेल तर संचालक मंडळावर बसू देतात. मग मंडळाच्या बैठकीत साहेब बोलले ते संचालक म्हणून की अधिवक्ता म्हणून? कार्यवृत्तात फक्त नाव असते, नाते नसते. भरीस भर म्हणजे व्हॉट्सॲपचा गट. त्यात मालक, त्याचा मुलगा, मॅनेजर, सीए, जमिनीचा दलाल आणि वकीलसाहेब, सगळे असतात. सकाळी शुभप्रभात, दुपारी लवादाच्या नोटिशीचा मसुदा आणि संध्याकाळी तुरीचा भाव. या गटातला कोणता संदेश कलम १३२ च्या आत आणि कोणता बाहेर, हे सांगायची वेळ आली तर साहेबांनाही घाम फुटेल. अशिलाची समजूत मात्र साधी असते: गटात वकील आहे ना, मग सगळे झाकलेले आहे.

ही समजूत जगात कुठेही टिकलेली नाही. इंग्लंडमधला १९८८ चा गाजलेला निकाल आपल्याच एअर इंडियाच्या खटल्यातला आहे. व्यापारी जागेच्या भाडेपट्ट्याच्या त्या भांडणात बालाबेल नावाच्या पक्षाने एअर इंडिया आणि तिचे सॉलिसिटर यांच्यातले मसुदे, टिपणे, भेटींच्या नोंदी मागितल्या. अपील न्यायालयाने त्या दिल्या नाहीत. वकील आणि अशील यांच्यातला पत्रव्यवहार हा सलग धागा असतो, प्रत्येक पत्रात कायद्याचा सल्ला शोधत बसू नये, आणि कायद्याच्या संदर्भात काय करणे शहाणपणाचे हे सांगणे हाही सल्लाच, असा त्या निकालाचा आशय. अशिलाला याहून उदार भूमिका मिळणे कठीण. पण त्याच निकालाने हेही बजावले की सॉलिसिटरांची कामे आता विस्तारली आहेत आणि धंद्याच्या बाबतीत त्यांनी केलेले प्रत्येक लेखन आपोआप संरक्षित होत नाही. जानेवारी २०२० मध्ये जेट-टू या विमान कंपनीच्या प्रकरणात तिथलेच अपील न्यायालय आणखी पुढे गेले. कायद्याचा सल्ला मिळवणे हा संदेशाचा प्रमुख हेतू असला पाहिजे, आणि एकच ई-मेल वकिलाला व धंद्यातल्या इतर माणसांना एकदम पाठवला असेल, तर इतरांचे व्यावहारिक मत मागणे हा हेतू ठरून संरक्षण जाऊ शकते. आपल्या व्हॉट्सॲप गटांचे भविष्य त्यात वाचता येते. अमेरिकेत तर न्यायालयांचेच एकमत नाही. कॅलिफोर्निया ज्याच्या हद्दीत येते त्या नवव्या सर्किटने मुख्य हेतू पाहिला. वॉशिंग्टन डी.सी.च्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये कायद्याचा सल्ला हा महत्त्वाच्या हेतूंपैकी एक असला तरी पुरे म्हटले. मतभेद मिटवण्यासाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक प्रकरण हाती घेतले, करसल्ला आणि करविवरण दोन्ही करून देणाऱ्या लॉ फर्मचे. ९ जानेवारी २०२३ ला युक्तिवाद ऐकले आणि दोनच आठवड्यांनी, २३ तारखेला, प्रकरण घेतलेच नसल्यासारखे फेटाळून टाकले. सर्व साधने हाताशी असलेल्या न्यायालयाला जी रेघ आखणे नकोसे झाले, ती रेघ चौकशीच्या दिवशी आपोआप आपल्या बाजूने पडेल असे धरून इथला अशील निवांत झोपतो, आणि तुम्ही त्याला झोपू देता.

माझी पहिली तक्रार कागदाची आहे, आणि सगळ्यांत मोठी तीच. दावा लागला की तुम्ही वकीलपत्र घेता. कोण, कोणासाठी, कोणत्या प्रकरणात उभा राहणार, हे सही-शिक्क्यानिशी ठरते. मुन्शीसुद्धा त्यावाचून फाइल उघडत नाही. सल्ल्याला मात्र असा कागद नसतो. फोन येतो, चहा होतो, मत दिले जाते, फी कधी घेतली जाते, कधी पुढच्या कामात धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने आता स्पष्ट म्हटले आहे की न्यायालयाबाहेरच्या आणि दाव्यापूर्वीच्या कामासाठी नेमलेला वकीलही कलम १३२ च्या बंधनात येतो. पण नेमलेला! नेमणूक कधी झाली, कशासाठी झाली, हे सिद्ध कशावरून करायचे? बार कौन्सिलच्या आचारनियमांतला सतरावा नियम पुरावा कायद्याच्या कलम १२६ चे बंधन मोडू नका एवढेच सांगतो. बंधन कुठून सुरू झाले हे अशिलाला कळवा असे म्हणत नाही. सल्ल्याच्या कामालाही वकीलपत्रासारखे एक पानी सल्लापत्र असावे, ही माझी मुख्य मागणी. अशील कोण, प्रश्न कायद्याचा कोणता, साहेब अधिवक्ता म्हणून काय पाहणार आणि स्नेही किंवा संचालक म्हणून जे बोलतील ते यात धरायचे नाही, एवढ्या चार ओळी पुरेत.

दुसरी तक्रार ‘गोपनीय’ या शिक्क्याची. तुमच्या ई-मेलच्या तळाशी एक लांबलचक इशारा आपोआप उमटतो, मग वर दिवाळीच्या शुभेच्छा असोत की दरपत्रक. सगळ्यावर शिक्का मारल्याने काही वाचत नाही, उलट खरा गुप्त कागदही संशयास्पद दिसतो. खरा-खोटा निवडायला बसलेला न्यायाधीश शिक्का बघत नाही, मजकूर बघतो. मुंबई उच्च न्यायालयाने १८७८ मध्येच मेमन हाजी हारून यांच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे की वकिलाशी झालेले प्रत्येक बोलणे झाकले जात नाही, ते खाजगी आणि विश्वासाने केलेले असावे लागते. जो मजकूर पाच जणांच्या गटात टाकला तो विश्वासाने सांगितला होता असे म्हणायला शिक्का उपयोगी पडत नाही.

त्या गटातला सीए हा स्वतंत्र विषय आहे आणि नागपुरात तो टाळता येणार नाही, कारण इथल्या धंद्यातला निम्मा कायदा सीएच सांगतो. कराचा कायदा त्याने सांगितला की तोच सल्ला उघडा, आणि वकिलाने सांगितला की झाकलेला, हे अनेकांना विचित्र वाटते. मलाही वाटते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात प्रुडेन्शियल या विमा कंपनीने नेमका हाच मुद्दा मांडला आणि जानेवारी २०१३ मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी ती हरली. बदल करायचा तर तो संसदेने करावा, असे बहुमत. आपल्याकडे कलम १३२ मध्ये अधिवक्त्याखेरीज दुभाषे, कारकून आणि अधिवक्त्याचे कर्मचारी येतात. सनदी लेखापाल येत नाही. उलट ३ मे २०२३ च्या अधिसूचनेने सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल यांना अशिलासाठी स्थावराची खरेदी-विक्री, पैशाची किंवा बँक खात्यांची व्यवस्था अशी काही कामे करताना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली माहिती ठेवण्याच्या आणि कळवण्याच्या कर्तव्यात ओढले. म्हणजे एकाच टेबलावर बसलेल्या दोघांपैकी एकाने गप्प राहायचे आणि दुसऱ्याने ठरावीक व्यवहारांत नोंद ठेवायची. हे टेबलाच्या तिसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाला, पहिला कप येण्याआधी, कुणीतरी सांगायला नको का?

तिसरी तक्रार तुम्ही कुणाला अशील मानता याची. विदर्भातल्या बहुतेक कंपन्या घरच्या आहेत. काका अध्यक्ष, पुतण्या व्यवस्थापकीय संचालक, काकू भागधारक, आणि वकील सगळ्यांचे. शांततेच्या काळात हे छान चालते. वाटणीचे भांडण लागले की त्याच वकिलाच्या एकाच टिपणावर तिघे हक्क सांगतात. दिवाळखोरी संहितेखाली कंपनी गेली तर कलम १७ प्रमाणे संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होऊन व्यवस्थापन अंतरिम समाधान व्यावसायिकाच्या हाती येते, आणि कंपनीच्या फाइलीही त्याच्याकडे जातात. मालकाने स्वतःच्या जामीनकीबद्दल, घराबद्दल, बायकोच्या नावच्या शेताबद्दल विचारलेले प्रश्न कंपनीच्या ई-मेलवर आणि कंपनीच्या बिलात असतील, तर ते त्याचे की कंपनीचे? सल्लापत्रात अशिलाचे नाव लिहिले असते तर निदान भांडायला जागा राहिली असती.

नोकरीत असलेल्या विधी अधिकाऱ्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांचा फैसला होऊन गेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने बृहन्मुंबई महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या प्रकरणात, १९८२ च्या ए.आय.आर.मध्ये तो निकाल छापलेला आहे, पगारी विधी सल्लागारालाही बाहेरच्या वकिलासारखेच संरक्षण मानले होते. बार कौन्सिलचा एकोणपन्नासावा नियम पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करू देत नाही, आणि ३१ ऑक्टोबरच्या निकालाने त्यावरून सरळ निष्कर्ष काढला: असा अधिकारी न्यायालयात वकिली करणारा अधिवक्ता नाही, त्याला कलम १३२ नाही. कंपनीच्या वकिलाशी त्याने केलेल्या पत्रव्यवहारापुरते कलम १३४, म्हणजे कायदेशीर सल्लागाराशी झालेले गुप्त बोलणे उघड करण्याची सक्ती नको म्हणणारे कलम, आहे, मालक आणि तो यांच्यातल्या बोलण्याला तेही नाही. युरोपीय न्यायालय २०१० मध्ये ॲक्झो नोबेलच्या प्रकरणात, निदान स्पर्धा कायद्याच्या चौकशीपुरते, अशाच निष्कर्षाला आले होते. मिहान आणि बुटीबोरीतल्या कंपन्यांच्या विधी विभागांनी वर्षानुवर्षे विजय मेटल वर्क्सच्या भरवशावर जे अंतर्गत अभिप्राय लिहून ठेवले, त्यांची आजची स्थिती काय, हे बाहेरच्या वकिलांनी त्यांना स्वतःहून कळवायला हवे होते.

आता तुमची उत्तरे, जी मला अंदाजाने माहीत आहेत. पहिले हे, की कायदा आणि धंदा असे चिरून वेगळे करता येत नाहीत. मान्य. एअर इंडियाच्या खटल्याचा आधार मीच दिला आहे, आणि आपल्या न्यायालयांनी तोच उदार अर्थ घ्यावा असे माझे मत आहे. भाडेकराराच्या अटी समजावताना कोणती अट सोडून द्यावी हे सांगणे वकिलीतच मोडते. विषय मिसळला म्हणून मी तक्रार करत नाही, नाती मिसळतात त्याची करतो. जमिनीच्या हक्कलेखात दोष आहे, म्हणून भाव पाडून मागा, हा वकिलाचा सल्ला. त्या भागात भाव वाढणार आहेत, घेऊन टाका, हा नव्हे. दोन्ही वाक्ये एकाच कागदावर लिहायची हौस नसावी. दुसरे उत्तर असे की आता निकाल आहे, घाबरायचे कारण नाही. तो निकाल मुख्यतः फौजदारी तपासातल्या समन्सचा आहे, आणि त्याच निकालात लिहिले आहे की वकिलाच्या किंवा अशिलाच्या ताब्यातले दस्तऐवज सादर करायला कलम १३२ आडवे येत नाही. ते न्यायालयापुढे सादर करायचे आणि हरकती तिथे ऐकल्या जातील. मोबाइल-लॅपटॉप न्यायालयातच द्यायचा, अशिलाला नोटीस द्यायची, उघडायचा झाला तर वकील आणि पक्षकाराच्या समक्ष, त्यांच्या पसंतीच्या जाणकाराच्या मदतीने, आणि इतर अशिलांच्या गुप्ततेला धक्का न लावता. बंदोबस्त चांगला आहे. पण उघडल्यावर आत काय सापडेल हे तुम्ही आज कसे लिहिता यावर ठरणार. कलम १३४ चीही गंमत अशी की अशील स्वतः साक्षीला उभा राहिला तर त्याची साक्ष समजण्यापुरते गुप्त बोलणेही न्यायालय उघड करायला लावू शकते, आणि दिवाणी दाव्यात साक्षीला उभा न राहणारा व्यापारी विरळा.

तिसरा आक्षेप बाहेरून येतो आणि तो अधिक वजनाचा आहे. गोपनीयतेचा अधिकार म्हणजे पैसेवाल्यांची आडोशाची जागा, वकिलाला मध्ये घातले की घोटाळा झाकला, असे अनेक प्रामाणिक लोकांना वाटते. बेकायदा हेतूसाठी केलेले बोलणे कायदा आधीच उघडे ठेवतो, हे त्याला अर्धेच उत्तर झाले. उरलेले उत्तर तुमच्या वागण्यातून यायला हवे. सौद्याची भाषा कायद्याच्या आडोशाला नेऊन ठेवली की तपास अधिकाऱ्याला आडोसाच पाडावासा वाटतो, आणि तो पडला की ज्याला खरोखर मोकळेपणाने आपली चूक वकिलापुढे सांगायची होती तो माणूस उघड्यावर येतो. हक्क जितका आटोपशीर ठेवाल तितका तो न्यायालयात उभा राहील. चौथे उत्तर फीचे: अशील दोन कागदांचे पैसे देत नाही. त्याला एकदा समजावून तर सांगा. बँकेच्या कर्जाच्या कागदांवर पन्नास सह्या करणारा माणूस एका पानावर सही करायला कुरकुरणार नाही.

विदेशी लॉ फर्मना विरोध करताना तुमच्या संघटनांनी एक तत्त्व हिरिरीने मांडले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ए. के. बालाजी यांच्या प्रकरणात ते मान्यही केले: न्यायालयात उभे राहणे तेवढीच वकिली नाही, अभिप्राय देणे आणि मसुदे करणेही वकिलीच आहे. कुंपण घालताना हे तत्त्व कामाला आले. कुंपणाच्या आतल्या जबाबदारीलाही ते लागू करा. सल्ला ही वकिली असेल तर सल्ल्यालाही नेमणुकीचा कागद, अशिलाचे नाव आणि नात्याचा उल्लेख हवा. छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत देशभरचे आयकर अधिकारी घडतात. उद्या आमच्या फाइली वाचणारी माणसे आपल्या शहरातच तयार होत आहेत. त्याच शहरातल्या वकिलांनी त्या फाइली कशा लिहाव्यात याचा एक वर्ग घेऊ नये, हे मात्र कळत नाही.

म्हणून विनंती अशी. जिल्हा न्यायालय आणि खंडपीठ इथल्या दोन्ही वकील संघांनी मिळून, आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे पाठपुरावा करून, सल्लापत्राचा एक नमुना मराठीत तयार करावा. पक्षकाराला वाचता येईल अशा मराठीत, भाषांतरित कलमांच्या भाषेत नव्हे. धंद्याच्या गटात कायद्याचा सल्ला देणे थांबवावे आणि तो फक्त अशिलाच्या नावे वेगळा पाठवावा. संचालक किंवा विश्वस्त म्हणून बसता त्या संस्थेला अधिवक्ता म्हणून सल्ला द्यायचा असेल तर तसे कार्यवृत्तात लिहून घ्यावे, आणि शक्य असेल तर ते काम दुसऱ्या वकिलाला द्यावे. सीए बरोबर असेल तर त्याच्यासमोर काय बोलायचे नाही हे अशिलाला आधी सांगावे. कंपन्यांच्या विधी अधिकाऱ्यांना ३१ ऑक्टोबरचा निकाल वाचून दाखवावा. आणि मिश्र सल्ल्याचा प्रश्न एखाद्या प्रकरणात नागपूर खंडपीठापुढे आला, तर तो समन्सची तांत्रिक हरकत म्हणून न मांडता नीट युक्तिवाद करून निकालात काढून घ्यावा. मुंबई उच्च न्यायालयाची १८७८ पासूनची परंपरा तेवढी तरी मागते.

या पत्राला उत्तर द्यावेसे वाटले तर जरूर द्यावे. मात्र ते अधिवक्ता या नात्याने देत आहात की स्नेही या नात्याने, तेवढे वर लिहावे.

आपला नम्र,
एक अशील
नागपूर